सासऱ्यांच्या बटणांची परीक्षा

दसऱ्याला लोक सोनं देतात. मी सासऱ्यांना नापासाचा शेरा दिला.

मी विजेच्या सामानाच्या चाचणी विभागात नोकरी करतो, त्यामुळे कुणाच्याही घरच्या बटणांवर बोलायचा मला अधिकार आहे, असं मला वाटतं. (घरात आणखी कुणाला वाटत नाही.) सदाशिव पेठेत सासऱ्यांच्या, म्हणजे अण्णांच्या भिंतींवर अजून बेकलाईटची काळी गोल बटणं आहेत. साच्यात दाबून घडवलेलं ते पहिलं पूर्ण कृत्रिम प्लॅस्टिक.

"काढून टाकू या," मी म्हटलं.

"डोळे अधू झालेत माझे. ही बटणं बोटांना ओळखतात. तुमची सपाट बटणं मी चाचपत बसू?"

"इन्सुलेशन मोजतो, म्हणजे बटणातून वीज बाहेर गळते का ते कळेल. पास झाली तर राहतील."

अण्णा म्हणाले, "मोजा."

वारज्याच्या आमच्या घरून पिशवीत घालून मी मोजणीचं जुनं यंत्र आणलं होतं, हँडल फिरवलं की स्वतःच वीज तयार करणारं. मेन स्विच बंद केला, बटणाचं टोपण काढलं, एक चिमटा आतल्या पितळी पट्टीला, दुसरा बाहेरच्या स्क्रूला लावला. आता फिरवणार, तोच आठवलं, आज दसरा. हत्याराची पूजा आधी. यंत्राला ओलं कुंकू लावलं. बटणालाही लावलं, सढळ हातानं.

हँडल फिरवलं. काटा शून्यावर, म्हणजे वीज सरळ गळतेय.

"अण्णा, बेकलाईट गेलं."

अण्णांनी बटणावरून हळूच बोट फिरवलं, जणू निरोपच देत होते. बोट लाल झालं.

"हाताला हा ओला ओघळ कसला लागतोय हो? पट्टीपासून स्क्रूपर्यंत आलाय."

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, पुसा ते आधी."

पुसलं, वाळवलं, पुन्हा फिरवलं. काटा थेट दुसऱ्या टोकाला! बटण नव्यासारखं ठणठणीत. माझा विश्वास बसेना. यंत्रच बिघडलं असणार! खात्री करायला मी दोन्ही चिमटे दोन हातांत धरले.

"अण्णा, जरा हँडल फिरवा."

अण्णांनी उसाचा चरक फिरवावा तसं फिरवलं.

यंत्र चांगलं होतं. मी मागच्या मागे कोसळलो तो जेवणासाठी मांडून ठेवलेल्या पातेल्यात, कोपरापर्यंत श्रीखंडात.

"लागलं का हो?" अण्णांनी आधी मला उठवून बसवलं, पाणी दिलं आणि मी बोलू लागल्यावरच म्हणाले, "जावईबापू, या बटणांनी आजवर कुणाला धक्का दिला नाही. घरातला पहिला धक्का वारज्याहून पिशवीतून आला."

बटणं अजून भिंतीवरच आहेत. मी गेलो की अण्णा दारातच रबरी चपला पुढे सरकवतात. "घाला," म्हणतात, "इन्सुलेशन तुमचंच कच्चं निघालं."