कॅमेऱ्याला शेक

दाजींच्या कॅमेऱ्याला मी आईची गरम पाण्याची पिशवी बांधली. वरून माझा स्वेटर घातला, तोही बटणं लावून.

डिजिटल कॅमेरे तेव्हा नवे होते. दाजी, म्हणजे माझ्या बहिणीचे यजमान, लग्नाचे फोटो काढत आणि घर त्या एकाच कॅमेऱ्यावर चालत असे. मृग नक्षत्र टिपायचं म्हणून मी तो एका रात्रीपुरता मागून आणला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जूचंद्रला त्यांची लग्नाची ऑर्डर होती. देताना ते एवढंच म्हणाले, "दव सांभाळ."

सांडोरच्या आमच्या वाडीत मार्गशीर्षात केळीच्या पानांवरून दव टपटप गळतं. त्या धाकानं मी कॅमेरा असा गुंडाळला. शटर मिनिटभर उघडं ठेवून काढलेला पहिला फोटो बरा आला. दुसऱ्यात आभाळभर लाल-निळे ठिपके. कॅमेऱ्याला थंडी बाधली, असं निदान करून मी पिशवीत आणखी कढत पाणी भरलं. ठिपके वाढले. पुन्हा भरलं, पुन्हा वाढले. शेवटी लेन्सला झाकण लावून फोटो काढला. नुसता काळोख यायला हवा होता, तर त्यालाही गोवर उठलेला. म्हणजे बिघाड आतच होता.

उद्या नवरीच्या गालांवर हेच ठिपके उमटले तर दाजींना पुढे कोण बोलावणार? बहिणीपुढे कुठल्या तोंडानं जाऊ? कॅमेरा टेबलावर ठेवला आणि पांघरुणात पडून राहिलो. झोप कसली येतेय. जरा कुठे खुट्ट झालं की वाटे, दाजीच आले.

सकाळी ते खरंच आले. कॅमेरा त्यांच्या हातात देऊन मी विहिरीकडे बघत उभा राहिलो. रात्रीचे फोटो बघताना त्यांचाही चेहरा उतरला. त्यांनी झाकण लावलं आणि तसाच मिनिटभराचा फोटो काढला. ते मिनिट संपता संपेना.

"काळाच आहे. दोन-चार ठिपके असतातच. रात्री काय केलंस तू?"

सांगावंच लागलं.

"अरे, आतला सेन्सर तापला की उजेड नसतानाही ठिपके उठवतो. थंडीत उलट फोटो स्वच्छ येतात. दवासाठी लेन्सची काच जराशी ऊबदार ठेवायची. तू अख्खा कॅमेराच उकडलास."

तेवढ्यात पडवीतून आई म्हणाली, "शेकतात ते बाळंतिणीला. आण ती पिशवी इकडे. तुझ्यापायी रात्रभर पाठ धरून बसलेय मी."