समुद्राचा सातबारा

आमच्या गावासमोर समुद्रात पवनचक्क्या येणार, अशी बातमी आली आणि मच्छीमार सोसायटीत दोन तट पडले. एक म्हणतो नोकऱ्या येतील, दुसरा म्हणतो मासे जातील. पवनचक्की जवळून कुणीच पाहिलेली नाही! म्हणून सरकारी साहेब गावात सभा घेणार होते, त्याआधी मी आणि माझा नवरा मोहन डोंगरावरच्या पवनचक्क्या बघायला निघालो. भीमाशंकरचं दर्शन जाता जाता.

माळशेज चढून जुन्नर, नारायणगावात मिसळ (तर्री जपून घ्या, मोहनने भरपूर घेतली), मग कळंब, मंचर, घोडेगाव. शिनोलीपर्यंत रस्ता ठीक आहे. पुढे आडवाटेला वळलो आणि गाडीने शिव्या घातल्या.

पठारावर पाती फिरत होती. मला आवडली, खोटं कशाला बोलू! भात-नाचणी पिकवणाऱ्या धोंडूभाऊंनी अंगणात बसवून चहा दिला आणि आमचं गाऱ्हाणं ऐकून म्हणाले,

"तुमचं बरं हाय, ताई. पाण्यात कुनाची जागा जातीय?"

"आमची! पाण्याखाली खडक असतात, तिथे घोळ मासा लागतो. घराघराचा आपला खडक."

"मंग सातबारा दाखवा की."

"समुद्राला कुठला सातबारा?"

धोंडूभाऊंचं हसू मावळलं. "आमचं पठार बी तसंच व्हतं. समद्यांची गुरं चरायची. सायेबानं इचारलं, जागा कुनाची? आमी छाती फुगवून म्हनलो, समद्यांची! त्यानं लिवलं, कुनाचीच न्हाई. तुमी एकेक नाव सांगा."

मोहनने चोरून माझ्याकडे पाहिलं. आमच्यात खडकाची खूण बाप फक्त मुलाला सांगतो, तीही होडीत. लग्नाला वीस वर्षं झाली तरी मला ठाऊक नव्हती, कारण माहेरच्या गावी माझे भाऊही मासेमारी करतात. भीमाशंकरला त्याने देवासमोर बराच वेळ हात जोडले.

सभेत साहेबांनी विचारलंच, "या पट्ट्यात मासेमारी कोण करतं?"

"सगळेच!" सभा गरजली. साहेब लिहायला वाकले.

"थांबा," मोहन उठला. "होडीतून बघताना देवळाचा कळस टेकडीवरच्या वडाखाली आला, की आमचा खडक. लिहा, मोहन."

"अरे, तो तर आमचा!" मागून शेजारचा गणपत ओरडला. "आजोबांपासून!"

तिथून जी जुंपली! साहेबांनी दोघांचीही नावं लिहिली. मग एकेक हात वर येऊ लागला.

पवनचक्क्या येतील की नाही, देव जाणे. आता आमच्या पाण्याला निदान नावं आहेत, याचा मला फार आनंद झाला. मोहन मात्र रोज माझा फोन तपासतो. भावांना अजून खडकाची खूण सांगितलेली नाही, शपथ.