सोंगाला लागलेला हात

माझी मावसबहीण तुळजापूरच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे. जपानी ॲनिमेतली, म्हणजे तिकडच्या कार्टूनमधली, एक तलवारबाज तिची लई लाडकी. पुण्यात ॲनिमेवाल्यांचं संमेलन होतं, तिथं त्या तलवारबाजाच्या वेशात स्पर्धेला उतरायचं तिनं ठरवलं. मूळ चित्रात त्या बाईच्या अंगावर चिलखत कमी आणि उघडं अंगच जास्त. लढणाऱ्या बाईला असं कोण काढतं? मावशीनं त्या वेशाचा स्कर्ट गुडघ्याखाली येईल असा शिवला, बाकी काळजी केली नाही.

"सोंगाला कोण हात लावतंय? आपल्याकडं पाया पडतेत," मावशी म्हणाली. जत्रेतली देवीची सोंगं बघत वाढलेल्या आम्हालाही ते पटलं.

संमेलनात फोटो काढायला आलेल्या एकानं तिच्या कमरेला हात घातला, दुसऱ्या हातानं स्कर्ट वर ओढला आणि हसत म्हणाला, "ओरिजिनल एवढाच असतो." मी शेजारीच होते. क्षणभर डोळ्यांवर विश्वासच बसेना. मग त्याचा हात झटकला आणि आयोजकाला बोलावलं.

आयोजक म्हणाला, "मॅडम, कॅरेक्टरच तसं आहे ना!"

म्हणजे कुणीतरी चित्रात बाई उघडी काढली, म्हणून ह्याला हात घालायची मुभा?

बहीण स्कर्ट सारखा खाली ओढत होती. "घरी सांगू नको गं. मला परत कुठंच सोडणार न्हाईत," एवढंच ती म्हणाली. स्टेजवरून तिचं नाव पुकारलं, पण ती उठली नाही. तो माणूस तोवर दुसऱ्या पोरीला पोझ द्यायला सांगत होता.