आमच्या किनाऱ्यावरचं विकतचं रडणं

पालीच्या समुद्रावर कुणी बाहेरून रेती आणून टाकेल, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याच्या तोंडावर हसले असते. पण सिनेमा कंपनीच्या मालकाने टाकली. आमची रेती म्हणे काळपट, पडद्यावर मळकी दिसते. भाईंदरकडून पांढऱ्या रेतीचे ट्रक आले, गड्यांनी ती पसरली, आणि भरतीने नेली. मग परत ट्रक आले! समुद्राला भरती येते, हे त्या शहाण्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

साठीचं दशक सरत आलं होतं. माझं लग्न नवीन होतं. नवरा, सासू आणि मी, एवढंच घर. सिनेमा मासेमारी करणाऱ्यांवर होता, पण आमची घरं मालकाला पसंत पडेनात. म्हणून आमच्या घरांना लागूनच त्याने फळ्यांची आणि गोणपाटाची दुसरी वस्ती उभी केली. समोरून समुद्राचा वारा येत असताना वाऱ्यासाठी मोठा पंखा लावला. हिरो आला नाही म्हणून आठवडाभर सगळी कंपनी बसून जेवली. त्यांचा दिवे लावणारा माणूस आमच्याकडे पाणी प्यायला यायचा. तो म्हणायचा, "शेठ कंपनी बुडवणार. सगळ्यांना कळतंय, पण बोलणार कोण?"

"तुम्ही बोला की!" मी म्हटलं. तो हसला आणि तांब्या ठेवून गेला. असा संताप आला मला!

शेवटी हिरो आला, आपलं काम करून गेला. मग मालकाने आम्हा बायकांना बोलावलं. बोटी बुडाल्यात, घरची माणसं गेलीत, असं समजून किनाऱ्यावर बसून आक्रोश करायचा, म्हणाला. आणि आमची माणसं खरंच समुद्रावर होती! माझा नवराही होता. बोटी बाहेर असल्या की आमच्यात किनाऱ्यावर कुणी मोठ्याने रडत नाही. तान्हं पोर रडायला लागलं तरी आई त्याला उचलून घरात नेते.

सासू त्याला शांतपणे म्हणाली, "दोन दिस थांब. बोटी येऊ दे. मंग म्हनशील तवढा रडू आमी."

बोटी बाहेर असताना आमच्यात का रडत नाहीत, ते मी समजावलं. मालक हसला. ही सगळी अंधश्रद्धा आहे, म्हणाला. वर मलाच विचारलं, एक दिवस फुकट गेला तर कंपनीला काय पडतं, माहीत आहे का? हिरोपायी आठवडा गेला तेव्हा याला काही पडलं नव्हतं. आमच्या माणसांसाठी दोन दिवस मागितले तर लगेच पोटात दुखायला लागलं मेल्याच्या!

त्याने मुंबईहून बसने रडणाऱ्या बायका आणल्या. त्यांचे कपडे फारच कोरे दिसायला लागले, तेव्हा कंपनीची माणसं जुनी लुगडी मागत घरोघर फिरली. मी दार लावून घेणार होते. सासू म्हणाली, "त्या बायका पोटासाठी आल्यात, त्यांचा काय गुन्हा?" सणाला तिने नवं लुगडं घेतलं होतं, म्हणून जुनं लाल काढून दिलं. आजवर ती तेच नेसून बोटींची वाट बघत उभी राहायची.

दुसऱ्या दिवशी रडणं सुरू झालं. सासू आतल्या खोलीत माळ घेऊन बसली, मी तिच्या शेजारी. कानांत बोटं घातली तरी ऐकू येत होतं. मग मधेच पुरुषांची आरडाओरड ऐकू आली, आणि आम्ही दोघी धावत बाहेर आलो.

बोटी एक दिवस आधीच आल्या होत्या. नवऱ्याने लांबूनच पाहिलं, बायका छाती बडवून घेतायत, आणि त्यांच्या मधोमध त्याच्या आईचं लाल लुगडं नेसलेली बाई आडवी पडलीय. ओहोटी होती, भरलेली बोट आत येईना. बोट हलकी व्हावी म्हणून त्याने म्हावऱ्याच्या टोपल्या समुद्रात रिकाम्या केल्या. तेवढ्यानेही भागेना, तेव्हा उडी मारली. छातीभर पाण्यातून "आय! आय!" करत तो आला, शोकाने कोसळल्याचं सोंग करणाऱ्या त्या बाईपाशी गुडघ्यांवर पडला, आणि तिचं तोंड स्वतःकडे वळवलं. ती परकी बाई घाबरून किंचाळली.

सासू पुढे धावली. "बाबा, मी हितं हाय रे, हितं हाय!" त्याने तिला धरलं आणि तो लहान पोरासारखा हुंदके द्यायला लागला. कंपनीच्या रडणाऱ्या बायकाही आता खरोखर रडत होत्या.

तेवढ्यात भोंग्यातून मालकाचा आवाज आला. "वा! वा! घेतलं का?" कॅमेऱ्यावरच्या माणसाने नाही म्हणून मान हलवली. रीळ संपलं होतं. "मग परत एकदा! त्याला बोटीवर पाठवा. आई मेली असं समजून यायचं, अगदी तसंच!"

मी रेतीतला दगड उचलला. खरंच मारणार होते. सासूने माझा हात खाली केला आणि नवऱ्याला तसाच धरून ती मालकाच्या खुर्चीपुढे जाऊन उभी राहिली.

"तुजी आय हाय का जित्ती?"

मालक गोंधळला. "हो, आहे."

"मंग तिला आन. हितं आडवी कर. आनि तू ये पान्यातून."

मालकाने भोंगा तोंडापासून खाली घेतला. नवरा अजून तिचा हात सोडत नव्हता.