जमलं तर ये

पत्रिका मोबाइलवर आली. खाली मैत्रिणीने लिहिलं होतं, ‘जमलं तर ये.’ लग्न फेब्रुवारीत, मुलाच्या गावी, थेट आसामात जोरहाटला. ते तीन शब्द मी कुकरच्या सहा शिट्ट्या होईपर्यंत वाचत राहिले आणि डाळीचा पार लगदा झाला.

आम्ही दोघी विक्रोळीच्या एकाच चाळीत वाढलो. माझ्या लग्नाला मी तिच्या दारात जाऊन चूलबंद आमंत्रण दिलं होतं, म्हणजे त्या दिवशी त्यांच्या घरात कुणी चूल पेटवायची नाही, सगळ्यांनी आमच्याकडेच जेवायचं. आणि हिचं हे ‘जमलं तर’? मला उशीर झाला तर ‘गधडे, कुठे मेलीस’ म्हणणारी ही बाई! मला भयंकर राग आला. खरं तर रागापेक्षा भीती जास्त होती. सहा वर्षं ती गुरुग्रामला नोकरीत, फोन कमी झालेले. मी तिला हवी आहे की नको, तेच कळेना.

सासूबाई मालवणकडच्या. कोथिंबीर निवडता निवडता त्यांनी निकाल दिला, “अगो, जमला तर ये म्हणजे येव नको.”

मग मी एक शहाणपणा केला. नवऱ्याला म्हटलं, आपण आसाम-मेघालय फिरायला जाऊ. म्हणजे लग्नात दिसलो तरी कुणी म्हणायला नको की बोलावणं नसताना आले. नवरा खूश. त्याने रंगीत तक्ता केला: गुवाहाटी, शिलाँग, चेरापुंजी, काझीरंगा. त्यात जोरहाटचा पिवळा चौकोन पाच वेळा इकडून तिकडे गेला.

“त्या दिवशी सफारी मिळतेय,” तो म्हणाला. “लग्न शनिवारी टाकू का?”

“लग्न सरकत नाही रे!”

“मग बाकी सगळंच सरकवावं लागतंय. एक सांग ना, आपण नक्की कशासाठी चाललोय?”

मी बॅग भरायला घेतली. बॅगेत पैठणी ठेवली तर वाटे, एवढं घरच्यासारखं नटून जायचा आपल्याला काय हक्क? कुर्ते ठेवले तर वाटे, हिच्या लग्नाला पर्यटक म्हणून जायचं? तीन दिवस पैठणी कपाटातून बॅगेत आणि बॅगेतून कपाटात करत होती.

शेवटी तिला फोन लावला आणि नको तितक्या उत्साहाने म्हटलं, “अगं, आम्ही तसंही तिकडे फिरायला येतोय, तर लग्नाला डोकावून जाऊ.”

“डोकावून?” ती म्हणाली. “बरं. बघा, सोयीने या.”

बघा? या? शाळेपासून तू म्हणणारी आता मला अहोजाहो करत होती. सासूबाईंचंच खरं, असं म्हणून मी रद्द करायचं ठरवलं. आहेराची साडी तिच्या आईकडे पोचवायची आणि विषय संपवायचा.

विक्रोळीला गेले तर काकू एकट्याच बॅग भरत होत्या. मैत्रिणीचे वडील जाऊन बरीच वर्षं झाली. “बाकीचे कधी निघणार?” मी विचारलं.

“बाकीचे कोण?” काकू म्हणाल्या. “तिच्या मोठ्या काकांनी सगळ्यांना बजावलंय, परजातीतलं लग्न आहे, कुणी जायचं नाही. चुलत, मामे, सगळे गप्प बसले. ती म्हणाली, आई, मी आता कुणालाच यायचंच असं सांगणार नाही. तोंडावर नाही म्हणाले तर मला झेपणार नाही. तुझा फोन झाल्यावर रडली गं खूप.”

मला माझीच लाज वाटली. तरी कुठेतरी रागही होताच. मला काय त्या चुलतभावंडांत मोजलं हिने?

तेवढ्यात काकूंचा फोन वाजला. स्पीकरवर तीच. “आई, मुलाकडचे खोल्यांची यादी करतायत. मुलीकडचे किती, विचारतात. एकच सांगू ना?”

काकूंच्या हातातून फोन मी घेतलाच. “तीन सांग. काकू, मी आणि माझा नवरा. चार दिवस आधी येतोय. गेंडे नंतर बघू.”

“तू तिथे काय करतेयस?”

“ते सोड. लिही.”

पलीकडे ती नाक ओढत होती. “तुझं नातं काय लिहू? रकाना आहे.”

“मला काय विचारतेस? तूच ठरव.”

“करवली लिहिते,” ती म्हणाली. “त्यांना कळणार नाही. विचारतील, तेव्हा तूच सांग त्यांना, गधडे.”