पावशीचं पातं

चिंचेच्या कोळानं चाकू घासला की पोलादातले थर लाटांसारखे उठून दिसतात. तो आंबट-लोखंडी वास आला की मी पुसदच्या आमच्या अंगणात जाऊन पोचते.

बाबा लोहार होते. एका सकाळी त्यांनी आईची पावशी, म्हणजे तिची माहेरची विळी, भट्टीपाशी नेली आणि तिचं पातं काढलं. ते पातं नि ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचा तुकडा एकावर एक ठेवून, सांधा जुळावा म्हणून वर टाकणखार भुरभुरून त्यांनी तो जोड पिवळाधमक होईस्तोवर तापवला. ठोकला, दुमडला, पुन्हा ठोकला. दुपारपर्यंत चाकू तयार झाला. सागवानी मूठ तर त्यांनी किती वेळ घासली!

आई बाजारातून आली. बाबांनी हसत चाकू पुढे धरला. "घे. आता उभ्यानं चिरत जाय. गुडघे दुखणार नाहीत तुहे."

आईनं चाकू पाहिला, मग पावशीचा रिकामा पाट. "मह्या मायनं देल्ली होती ते. मले इचारलं काहून नाही?"

"तुह्यासाठीच तं केलं!"

मला दोघांचंही खरं वाटत होतं. आई गुडघा धरत जमिनीवर बसली आणि त्याच चाकूनं वांगी चिरू लागली. पुढंही तिनं दुसरा चाकू कधी हातात घेतला नाही, आणि उभ्यानं कधी चिरलं नाही.

त्या दुपारी ती वांगी चिरत असतानाच बाबांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "तुही माय खूश हाये का रागावली व?"

मला सांगता आलं नाही. आजही येत नाही.