मागून आणलेली हलगी

आमच्या घरात वस्तूंना मालक नव्हता. आईवडील दोघेही चळवळीतले. पलंगाखाली पत्रकांचे गठ्ठे असायचे आणि पलंगावर त्या दिवशी मुक्कामाला आलेलं कुणीतरी. खुर्च्या, सतरंज्या, एकदा तर टेबलफॅनसुद्धा सभेसाठी गेला तो गेलाच. परत मागणं हे हलक्या मनाचं लक्षण. मी वाचायला शिकले तीही पत्रकांवर, आणि ‘माझं’ हा शब्द त्यांत चांगल्या अर्थानं क्वचितच भेटायचा. ती शिकवण मला आजही पटते. फक्त ती अर्धी आहे.

मी मानपाड्याला ज्या चाळीत राहते तिथंच रविवारी मुलांचा गट चालवते. आम्ही पाणीटंचाईवर पथनाट्य बसवत होतो आणि हलगी हवी होती. ती टोकाच्या खोलीतल्या काकांकडे होती. काका सोलापूरकडचे, कारखान्यातून निवृत्त झालेले, आता हळदीला नि मिरवणुकीला वाजवतात. गटातली सहावीतली मुलगी एकटीच जाऊन मागून आली. काका तिला एवढंच म्हणाले, ‘‘शनिवारी हळद हाय माझी. त्याच्या आत आण.’’

शनिवारी दुपारी काका माझ्या दारात.

‘‘ताई, हलगी कुठाय?’’

मी मुलीला हाक मारली. ती आली आणि शांतपणे म्हणाली, ‘‘बाळकुमला.’’

खाडीपलीकडे बाळकुमच्या मुलांचाही असाच एक गट आहे. ती मुलं आमची तालीम बघायला आली होती आणि जाताना हिनं त्यांना हलगी देऊन टाकली होती.

‘‘कुणाला विचारून दिलीस?’’

‘‘त्यांच्याकडे नव्हती ना. ताई, तुम्हीच सांगता, एकट्याचं असं काही नसतं.’’

‘‘व्हय का?’’ काका म्हणाले. ‘‘मग माझा चष्मा बी दे बाळकुमला. तिथं बी कुणाला दिसत नसंल.’’

हळद सातची होती. काकांनी सुपारी घेतलेली आणि दुसरी हलगी त्यांच्याकडे नव्हती. मी मुलीला स्कूटरवर मागं बसवलं आणि माणकोलीच्या पुलावरून निघाले.

तिला रागावण्यात अर्थ नव्हता. तिनं चोरी केली नव्हती, उलट दान केलं होतं. मी म्हटलं, ‘‘स्वतःचं वाटून टाकायला हिंमत लागते. दुसऱ्याचं वाटायला काहीच लागत नाही.’’

‘‘मग त्यांना नाही म्हणायचं?’’

‘‘काकांना विचारायचं.’’

‘‘आणि ते नाही बोलले तर?’’

‘‘तर नाही.’’

हे तिला आवडलं नाही.

बाळकुमला इमारतीच्या पार्किंगमध्ये मुलं क्रिकेट खेळत होती. हलगी एका प्लास्टिकच्या खुर्चीवर पडलेली आणि तिच्या कातड्यावर फ्रीजमधली पाण्याची बाटली उभी होती. मुलीनं बाटली उचलली. खाली ओलं गोल वर्तुळ उमटलं होतं. ती ओढणीनं ते टिपत राहिली.

‘‘यावर बाटली ठेवतात का रे?’’

‘‘तूच दिलेलीस ना?’’ बॅट धरलेला मुलगा म्हणाला. ‘‘आता कशाला शायनिंग मारते?’’

‘‘माझी नव्हतीच ती,’’ ती म्हणाली.

आम्ही परत आलो तेव्हा काका धुवट सदरा घालून ओट्यावर बसले होते. त्यांनी हलगीवर बोट मारलं. आवाज ढप्प आला. त्यांनी रद्दी पेटवली आणि हलगी धगीवर फिरवत राहिले. हळूहळू कातडं ताणलं गेलं. मी मध्ये पडायचं नाही असं ठरवलं होतं. ज्यानं वस्तू मागून आणली, त्यानंच तिचा हिशेब द्यावा. गट, समाज, परिस्थिती यांच्या मागं लपू नये.

मुलीनं सगळं सांगितलं. बाटलीचंही सांगितलं.

‘‘मला विचारलं असतंस तर मीच दिली असती की,’’ काका म्हणाले, हलगी खांद्याला लावली आणि हळदीला गेले.

ती तिथंच उभी राहिली. ओरडा खायची तिची तयारी होती. या वाक्याची नव्हती.

पुढच्या रविवारी ती पुन्हा मागायला गेली. मी सोबत येते म्हटलं तर ‘नको’ म्हणाली. काकांनी हलगी दिली, पण अट घातली: वाजवायची ती त्यांच्या दारासमोरच. त्यामुळं तालीम तिथं सुरू झाली आणि शेजारच्या वहिनींची दुपारची झोप गेली. त्यांनी मला दोन शब्द सुनावले. ते रास्तच होते.

बाळकुमच्या मुलांचा प्रयोग अजून व्हायचा होता. त्यांनी हिला फोन केला. ही म्हणाली, ‘‘माझ्याकडे नका मागू. काकांकडे या.’’

ती मुलं आली. काकांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘परत कोण आणून देणार?’’

सगळ्यांनी हिच्याकडे पाहिलं. हिनं नकारार्थी मान हलवली. मग बॅटवाल्या मुलानं घसा खाकरला आणि स्वतःचं नाव सांगितलं.